पहाटेची अकरा बाळं

ब्रह्मदेवाने सृष्टी चालू करण्याआधी माझ्या साडभाऊंकडून तपासून घेतली असती, तर ती अजून चालू झाली नसती. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या वर्ध्याकडे साडूला असा भावाचा मान देतात, आणि तो मान निभावण्यात माझी अर्धी हयात गेली. हा माणूस एका जागी स्वस्थ बसलेला मी पाहिला नाही. बसले तर गुडघा हलायचा, उभे राहिले तर खिशातल्या किल्ल्या वाजायच्या, आणि जेवताना मध्येच उठून गॅस बंद आहे का ते पाहून यायचे. त्यावर भाजी शिजत असली तरी. दोन हजार सालाच्या आगेमागे ते गावातल्या एका लहानशा सॉफ्टवेअरच्या ऑफिसात टेस्टर म्हणून लागले. सासरेबुवांनी विचारलं, "म्हंजे करता काय?" साडभाऊ म्हणाले, "दुसऱ्यानं बनवलेलं बिघडवून पाह्यतो." सासरेबुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हे स्थळ मीच सुचवलं होतं.

त्यांचं काम त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. डेटाबेस म्हणजे माहितीचं मोठं कपाट. त्यातला कोणता खण कोणी उघडावा, कोणी नुसतं पाहावं आणि कोणी लिहावं, याचे हक्क ठरलेले असतात. ज्याला हक्क नाही अशा माणसाचं सोंग घेऊन खण ओढून पाहायचा, हे साडभाऊंचं काम. दुर्दैवाने ते ऑफिस सुटल्यावरही सुटत नसे. एकदा आमच्या लॉन्ड्रीत जाऊन त्यांनी माझं नाव सांगितलं आणि माझी पँट मागितली. लॉन्ड्रीवाल्याने दिली. साडभाऊ ती पँट झेंड्यासारखी धरून घामाघूम होत माझ्या दारात आले. "साडभाऊ, तुमी झोपून राह्यले का? तुमची पँट कोनालेबी भेटते!" मग आठवडाभर रोज जाऊन त्यांनी त्या बिचाऱ्याला असा तयार केला, की पुढे पावती विसरलो म्हणून त्याने मलाच माझी पँट दिली नाही. मी वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, आणि दुकानाच्या पायरीवर लुंगीवर उभा. हे ऐकून साडभाऊ पेढे घेऊन त्याच्याकडे गेले. मला एकही दिला नाही.

दुसरं वेड वेळेचं. त्यांच्या डाव्या मनगटावर आपलं घड्याळ आणि उजव्यावर ग्रीनिचचं, साडेपाच तास मागे. कॉम्प्युटर आत सगळी वेळ ग्रीनिचची धरतो आणि दाखवताना आपली करून दाखवतो, हे त्यांना कळल्यापासून त्यांचा कोणत्याच घड्याळावर विश्वास उरला नव्हता. आर्वीला मेहुणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, आणि साडभाऊ उठून भटजींना विचारतात, "महाराज, पंचांग कुठलं?" भटजी म्हणाले, "मुंबईचं." "मंग आपला सूर्य वीस-बावीस मिनिटं आधी उगवते त्याचं काय केलं?" मांडवात कुजबुज सुरू झाली. नवरदेवाच्या मामांनी घड्याळ पाहिलं, नवरीच्या आत्याने पदर तोंडाला लावला. भटजी जुने, खमके. म्हणाले, "खाली बसा बुवा, नाईतर तुमालेच मुंबईच्या गाडीत बसवून देतो." आणि त्यांनी शेवटचं मंगलाष्टक अशा आवाजात म्हटलं की साडभाऊ खरोखरच बसले. गुडघा मात्र हलत राहिला.

अशा माणसाकडे गावातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहाचं काम आलं. जन्मलेल्या बाळाची नोंद कॉम्प्युटरवर करायची आणि घरच्यांना जन्मतारखेचा कागद छापून द्यायचा, एवढंच. साडभाऊंनी ते तीन आठवडे तपासलं. तपासायला बाळं हवीत, म्हणून त्यांनी आम्हा सगळ्या नातेवाइकांना जन्माला घातलं. सासूबाई चाळीस वेळा जन्मल्या, मी तीनदा, त्यात एकदा मुलगी. हक्कांच्या बाबतीत तर ते डॉक्टरीणबाईंच्या मागेच लागले. तारीख बदलायची तर फक्त बाईंनी. आणि बाळाचं पुढे काय झालं, आजार, उपचार, हे सगळं साडभाऊंना स्वतःला दिसूच नये असा बंदोबस्त त्यांनी हट्टाने करवून घेतला. "कोनाच्या घरचं दुखनं मले काऊन दिसावं?" मग त्यांनी शिक्का मारला, आणि प्रसूतिगृहात कॉम्प्युटर लागला.

दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुट्टीत, ते सहज चक्कर मारायला तिथे गेले. मी शाळामास्तर, मलाही सुट्टी म्हणून सोबत गेलो. बाहेरच्या बाकावर एक आजी नर्सशी भांडत होती. "दसऱ्याच्या पहाटे झाला माहा नातू, कोंबडं आरवलं तवा. अन् कागदावर आदला दिवस लिहून देला तुमी!" नर्स म्हणाली, "आजी, कॉम्प्युटर चुकत नाई." साडभाऊंच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. त्यांनी आजीच्या हातातला कागद पाहिला आणि मटकन बाकावर बसले. पडद्यावर वेळ बरोबर दिसत होती. पण कागद छापताना ग्रीनिचची तारीखच उतरत होती. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जन्मलेलं प्रत्येक बाळ आदल्या दिवशी गेलं होतं. "साडभाऊ," ते माझा हात धरून म्हणाले, "मी सगळे अकरा ते पाचमंदी जन्माले घातले. ऑफिसच्या टायमात. आपल्या खानदानातलं एकबी लेकरू पहाटे झालं नाई!" हसावं की रडावं ते मला कळेना. त्यांना मात्र कळलं होतं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

अशी अकरा बाळं निघाली. बाई समजूतदार. म्हणाल्या, "माझा पासवर्ड घ्या आणि तुम्हीच दुरुस्त करून टाका. बाहेर पेशंट खोळंबलेत." साडभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "नाई बाई. चूक माही हाये, पन तारीख बदलाचा हक तुमचा हाये." शेवटी बाईंनी पेशंटच्या मधून मधून एकेक नोंद उघडून, नाव न वाचताच, वेळ पाहून कागदावरची तारीख दुरुस्त केली आणि कागद नव्याने छापले. ग्रामपंचायतीत चुकीची नोंद पक्की होण्याआधी ते घरोघर पोचवायचे आणि जुने परत आणायचे, हा साडभाऊंचा पण. अकराच्या अकरा. एका जरी लेकराचा वाढदिवस जन्मभर चुकीचा राहिला तर आपण टेस्टर म्हणवून घ्यायचं नाही, असं त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

चार दिवस मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून हाडं खिळखिळी करून घेतली. पवनारला एका आजोबांनी विचारलं, "एका दिवसानं असं काय बिघडते, बापू?" त्यावर साडभाऊंनी परातीत लिंबू फिरवून त्यांना पृथ्वी, सूर्य आणि ग्रीनिच दाखवलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी लिंबू पोह्यांवर पिळलं. कुठे चिवडा मिळाला, कुठे शिव्या. पण कागद मिळत गेले. दहा झाले.

अकरावं घर आर्वीच्या पलीकडच्या एका खेड्यात. ओट्यावर एक पोरसवदा बाई शेंगा फोडत बसली होती. साडभाऊ फाटकातूनच हर्षाने ओरडले, "ताई, बाळाचा वाढदिवस बदलला वो! नवा कागद आनला!" तिने मान वर केली नाही. तिची सासू बाहेर आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मंगळवारच्या पहाटे झाला होता, बापू. श्वास लागला म्हनून मोठ्या दवाखान्यात नेला. दिवेलागणीले गेला." साडभाऊंना हे दिसणारच नव्हतं. तो खण त्यांनी स्वतःच स्वतःला बंद करून घेतला होता.

ती बाई उठून आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला जुना कागद घेऊन आली. चार दिवसांच्या सवयीने साडभाऊंचा हात पुढे झाला. तिने कागद दिला नाही. "दादा, ह्या कागदावर माहा पोरगा सोमवारी आला अन् मंगळवारी गेला. दोन दिवस होता तो. तुमच्या कागदावर आला त्याच दिवशी गेला. हा राहू द्या न माह्यापाशी."

साडभाऊ हलले नाहीत. गुडघा नाही, किल्ल्या नाहीत. मग त्यांनी नव्या कागदाची घडी केली आणि आपल्या खिशात ठेवली. "ठेवा, ताई," म्हणाले. मला तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी त्यांनी दहा जुने कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवले. बाईंनी मोजले आणि विचारलं, "अकरावा?"

"तो तपासून पाह्यला, बाई," साडभाऊ म्हणाले. "बरोबर हाये."

मी शेजारीच उभा होतो. त्या खोट्याबद्दल मी त्यांना कधी काही विचारलं नाही. आता फार विचारावंसं वाटतं, तर ते नाहीत.