शिकलगार सिस्टर आणि उत्तरेची रांग

शिकलगार सिस्टर पेशंटला त्याचं नाव कधी सांगायच्या नाहीत. त्याच्याच तोंडून काढून घ्यायच्या. आठवडाभर मुक्कामाला असलेल्या बाईसमोरही औषधाचा ट्रे घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "हं, नाव सांगा की." एखादी वैतागायची, "सिस्टर, सकाळी सांगितलं न्हवं!" त्यावर ह्यांचं उत्तर तयार, "ते सकाळच्या गोळीला. आताची गोळी कुणाची?" बाई हसायची आणि नाव सांगून टाकायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा बायकांचा वॉर्ड त्यांच्याकडे होता. बुटक्या, ठसठशीत, आणि आवाज असा की त्या वॉर्डात बोलल्या तर फाटकावरचा रखवालदार सावरून बसायचा. फरशी ओली दिसली की पुसणाऱ्या मावशींच्या आधी नातेवाईकांवर तोफ सुटायची. "पावणं, थांबा तितंच! पैलवान आखाड्यात पडला तर नाव हुतंय, हितं पडला तर नुसतं हाड मोडतंय." घरून आलेला प्रत्येक डबा त्या उघडून बघायच्या. तांबड्या रश्श्याचा वास आला की डबा नातेवाईकाच्याच हातात परत. "ह्यो तुमी खावा. पेशंटला मऊ भात आणा." लोक कुरकुरायचे, पण मऊ भात आणायचे.

मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. परीक्षेत चांगले गुण मिळवून आलेली मी, कॉटचा नंबर बघावा, केसपेपर वाचावा, इंजेक्शन द्यावं आणि मोकळं व्हावं, असा माझा खाक्या होता. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात तो अंगाशी आला.

आमच्या वॉर्डात भिंतींना उशा लावून समोरासमोर कॉटच्या दोन रांगा होत्या. उत्तरेच्या भिंतीकडच्या रांगेत झोपलं की पाय दक्षिणेला यायचे. माझ्या सुट्टीच्या दिवशी त्या रांगेत बिद्रीच्या एक आक्का न्यूमोनियानं दाखल झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळी त्यांच्या मुलानं समोरच्या रांगेतल्या हुपरीच्या बाईंना गळ घातली. त्या बाईही माझ्या सुट्टीतच आलेल्या; साखरेचा आजार, पायाला जखम. त्या म्हणाल्या, "मला काय दिशेचं न्हाय. तिकडं पंखा बरा हाय." झालं. दोघींनी कॉट बदलल्या. केसपेपर मात्र आपापल्या जागी लटकत राहिले.

दुपारच्या जेवणाआधी मी इन्शुलिन घेऊन हुपरीच्या बाईंचा केसपेपर लटकत होता त्या बारा नंबरच्या कॉटकडे गेले. "तुम्ही हुपरीच्या ना?" आक्का म्हणाल्या, "व्हय." मी इन्शुलिन दिलं.

मी वळते तोवर शिकलगार सिस्टर मागून आल्याच. त्यांनी रिकामी सिरिंज पाहिली, मग आक्कांचं तोंड पाहिलं, आणि एका दमात तिघांना कामाला लावलं. डॉक्टरांना बोलावलं, मावशींना साखरपाणी आणायला पाठवलं, मला ग्लुकोजची सलाईन काढायला सांगितलं. ओरडल्या नाहीत. आक्कांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. त्यांच्या रक्तातली साखर संध्याकाळपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा तपासत होतो, आणि ती सावरेपर्यंत मी जिवंतपणी मेले होते.

"व्हय का म्हनलासा, आक्का?" सिस्टरांनी नंतर विचारलं.

"न्हाय म्हनलं तर परत तिकडं टाकशीला की. यमाकडं पाय करून कोन बरं हुतंय?"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? नाव आपण सांगितलं की मानूस व्हय म्हनतोय. भ्या पोटी म्हनतोय, भिडंपायी म्हनतोय. आता रिपोर्ट लिव्ह."

मी रडत रिपोर्ट लिहिला. नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते. माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कॉट बदलल्याचे वॉर्डप्रमुख म्हणून मला कळायला हवे होते.' मग मला घेऊन आक्कांच्या मुलासमोर उभ्या राहिल्या आणि काय झालं ते माझ्याच तोंडून सांगायला लावलं. तो तारस्वरात बोलला. सिस्टरांनी त्याला पुरतं बोलू दिलं, आणि त्यानंही कॉट बदलली होती, हे एकदाही काढलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी उत्तरेची अख्खी रांग फिरवून घेतली. उशा वाटेकडे, पाय भिंतीकडे. वरिष्ठांनी विचारलं, हे काय खूळ? "त्यास्नी पटंना, मग ती कॉट बदलणारच. त्यापरास आपणच फिरवू की. आणि चालता चालता तोंडं दिसत्यात, ते येगळंच." शिवाय चिकटपट्टीवर नाव लिहून ती प्रत्येकीच्या मनगटावर आली. त्या निवृत्त झाल्या, पुढे काही वर्षांनी गेल्याही. रांग तशीच राहिली.

मला मात्र त्या आठवतात त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आक्कांच्या इंजेक्शनचा ट्रे त्यांनी माझ्याच हातात दिला. मुलगा आडवा आला. "ही नगं. तुमीच द्या."

"मी आज दीन," सिस्टर म्हणाल्या. "उद्या ही कुणाला देनार?"

तो हटेना. त्याच क्षणी ट्रे खाली ठेवून घरी निघून जावं, पुन्हा सुईला हात लावू नये, असं वाटत होतं. आक्का आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग त्यांनी मुलाला बाजूला सारलं आणि चोळीची बाही वर केली. "दे पोरी. आता तुझ्याएवढं बघून देनारी ह्या वॉर्डात दुसरी कुनी न्हाय."

मी आधी त्यांच्याच तोंडून नाव काढून घेतलं. इंजेक्शन देऊन मी मान वर केली, तर शिकलगार सिस्टर खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. सगळ्या वॉर्डावर डोळा ठेवणाऱ्या त्या बाईनं माझ्याकडे मात्र एकदाही वळून पाहिलं नव्हतं.