नानांनी दाढी केली

जळगावच्या चित्रकला महाविद्यालयात मी पोर्ट्रेट शिकवायचे, म्हणजे माणूस समोर बसवून त्याचं व्यक्तिचित्र रंगवायला. तो हॉल आठवला की अजूनही जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास नाकात येतो. शेजारच्या दालमिलची बारीक धूळ खिडकीतून यायची, ओल्या रंगावर बसायची, आणि मी पोरांवर ओरडायचे, जणू धूळ त्यांनीच खिशातून आणली. आता निवृत्त झाले. ओरडायला घरात कुणी नाही, त्यामुळे तो हॉल जरा जास्तच आठवतो.

मॉडेल म्हणून बसायला माणूस मिळवणं ही तेव्हा मोठी कटकट होती. रिक्षावाले अर्ध्या तासात जांभया द्यायचे, मग हळूच चहाला सटकायचे. शेवटी आम्हाला नाना सापडले. मूळचे धुळ्याकडचे, जळगावातच मेहरूणला लेकीकडे राहायचे. छातीपर्यंत पांढरी दाढी, आणि एकदा बसले की नाकावर माशी बसली तरी हलणार नाहीत. पोरं त्यांच्यावर जाम खूश. दाढी रंगवणं सोपं असतं ना, ब्रशचे चार फटकारे मारले की चित्र झाल्यासारखं वाटतं.

मी मात्र घसा फोडून सांगायचे, आधी हाड, मग मांस, केस सगळ्यांत शेवटी. अरे, दाढीच्या आत हनुवटी असते, ती आधी शोधा. ऐकतंय कोण? ऐकणारी एकच होती. रावेरकडची, केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. कमी बोलायची, सावकाश रंगवायची, आणि आदल्या वर्षी नेमकी याच पेपरात नापास झाली होती. घरच्यांनी बजावलं होतं, आता एकदाच. यंदा राहिलीस तर रंग गुंडाळ आणि घरी ये. तिच्यापेक्षा जास्त धास्ती मीच घेतली होती.

परीक्षा दोन दिवसांची. मोबाइल पहिल्याच सकाळी कपाटात बंद. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या कॅनव्हासांवर दाढ्या फुलल्या. हिच्या कॅनव्हासवर डोळे, नाक, गाल अगदी घट्ट बसलेले, आणि दाढीच्या जागी नुसता पातळ रंगाचा हात फिरवलेला. दाढी उद्या, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी नाना आले ते गुळगुळीत दाढी करून. मिशी तेवढी राखलेली, तीही कातरलेली.

"नाना, हे काय करून बसलात?" माझा आवाज चिरकलाच.

"लेक बोलनी, मोठा साहेब येणार शे चित्र पाहाले," नाना म्हणाले. "म्हणीसन चांगली दाढी करी उनू, मॅडम."

इतक्या कौतुकाने सांगितलं त्यांनी, की रागवायची सोयच राहिली नाही. हॉलमध्ये खसखस पिकली. बाकीच्यांची दाढी तयार होती, त्यांनी आठवून आठवून ती पुरी केली. हिच्याकडे मात्र काहीच नव्हतं. मी जवळून जाताना पुटपुटले, "आठवून दाढी ठोक आणि मोकळी हो."

"दिसत नाही ते कसं काढू, मॅडम?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगता ना."

तिने फडक्याने तो पातळ रंग पुसला आणि हनुवटी रंगवायला घेतली. कपाळ, गाल उन्हाने रापलेले, आणि दाढीखालची कातडी सोललेल्या लसणासारखी पांढरी. ब्लेड लागून आलेला लाल ओरखडासुद्धा तिने सोडला नाही. चित्र सुंदर होत होतं आणि मी बाकीच्यांच्या दाढ्या मोजत होते.

चार-पाच दिवसांनी परीक्षक आले. रांगेत लावलेले सगळे दाढीवाले बघत बघत हिच्या चित्रापाशी थांबले. "हा कोण? मॉडेल एकच होता ना? हे बाहेरून फोटोवरून केलेलं दिसतंय. असलं मी तपासणार नाही."

मी सगळं रामायण सांगितलं. ते हसले. "मॅडम, विद्यार्थ्यांसाठी आपण सगळेच काही ना काही सांगतो."

माझं डोकंच फिरलं. तशीच रिक्षा केली, मेहरूणला गेले, आणि जेवत्या ताटावरून नानांना उठवून आणलं. तोवर हनुवटीवर पांढरे खुंट आले होते. परीक्षक एकदा नानांकडे बघत, एकदा चित्राकडे. त्यांची खात्री काही पटेना.

नानांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते चित्रासमोर जाऊन उभे राहिले होते. मग डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून हात जोडले.

"हाऊ ते मना बाप शे," ते म्हणाले.

हा तर माझा बाप, म्हणजे काय, मला आधी कळलंच नाही. त्यांनी सांगितलं, ऐन पंचविशीत त्यांनी दाढी ठेवली, ती या परीक्षेपर्यंत काढली नव्हती. घरी आरसा होता कंगव्याएवढा, त्यात अख्खा चेहरा कधी दिसलाच नव्हता. वडील जाऊन किती वर्षं झाली ते धड आठवतही नव्हतं, आणि त्यांचा एकही फोटो कधी निघाला नव्हता. "तुमना पोरीले कोठे भेटना तो?" त्यांनी मलाच विचारलं, अगदी खरंखुरं उत्तर हवं असल्यासारखं.

परीक्षकांनी फक्त, "यांना खुर्ची द्या," एवढंच म्हटलं आणि मार्कांचा कागद पुढे ओढला.

मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. आता रावेर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. परीक्षेची चित्रं परत मिळाली तशी ती पहिली मेहरूणला गेली आणि आपलं चित्र नानांना देऊन आली. नानांच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, तेव्हा ते चित्र पाटावर ठेवून त्याला हार घालतात. नातवंडं पणजोबा म्हणून पाया पडतात. नाना शेजारीच बसलेले असतात, दाढी पुन्हा छातीपर्यंत वाढलेली, त्यामुळे आल्यागेल्या कुणाला काही शंका येत नाही.

गेल्या आखाजीला मीही गेले होते, रावेरहून ती मुलगीही आली होती. मी तिला हळूच म्हटलं, "अगं, जिवंत माणसाला हार घालताहेत, सांग की नानांना."

"नानांना माहीत आहे, मॅडम," ती म्हणाली. "मागच्या वर्षीच मला म्हणाले, कोणाला सांगू नको, मना बापले पहिल्यांदा घरात जागा मिळनी शे."