काचेपलीकडचा साहेब

आफ्रिकेला निघालो तेव्हा केडगाव स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत आईनं एकच लकडा लावला होता, "पत्र लिव्हत जा रं." वडील म्हणाले, "आन् चांगलं लिव्ह. चर्चचं पाळकसाहेब वाचून दावत्याल." मला वडिलांचंच तेवढं ऐकू आलं.

नैरोबीला रेडिओ केंद्रात यंत्रं सांभाळायची नोकरी. तिथल्या जोसेफ नावाच्या निवेदकानं मला वैताग आणला. लोकांना हसवायचं असलं की किस्वाहिलीत "हबारी झेनू", म्हणजे काय मंडळी, बरं आहे ना, अशी सलगी. स्टुडिओच्या काचेपलीकडे गोरा साहेब येऊन बसला की हाच गडी वाक्याच्या मध्येच इंग्रजीवर! देशाला नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं, पण साहेब जागचा हलला नव्हता आणि जोसेफला शिकलेलं दिसायचं होतं.

एकदा तो इस्पितळातून आलेले निरोप वाचत होता. ते असायचे इंग्रजी न कळणाऱ्या नातेवाइकांसाठी. साहेब बसलेला, म्हणून यानं सगळे इंग्रजीत झोडले. केंद्र झाडणारी वांबुई रेडिओपाशी उभी होती. तिला इस्पितळात असलेल्या आपल्या मुलाचं नाव तेवढं कळलं आणि ती झाडू टाकून रडायला लागली. तिला वाटलं, पोरगा गेला. मी धावत जाऊन मोडक्यातोडक्या किस्वाहिलीत सांगितलं, अगं, बरा झालाय, घरी घेऊन जा. मग जोसेफला वाट्टेल ते बोललो.

त्याच आठवड्यात आईचं पत्र आलं. तिच्या स्वतःच्या हातचं, पहिलंच, वेड्यावाकड्या अक्षरांत. "तुजी पत्रं पाळकसाहेब वाचत्यात. विंग्रजी लई झ्याक हाय म्हणत्यात. मी मिशनात जाऊन मराठी वाचाया शिकले, तुजी पत्रं वाचाया. पर त्यातलं एक अक्षर कळंना. आता काय करू?"

तीन वर्षं मी ऐटीत इंग्रजी पत्रं धाडत होतो. कसला हा शहाणपणा! जोसेफचा साहेब काचेपलीकडे बसायचा, माझा केडगावात.

मराठीत लिहायला बसलो तर शब्द सापडेनात. शिफ्ट, स्टुडिओ, प्रमोशन, एवढंच सुचे. स्वतःचाच इतका राग आला की चार कागद फाडले.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, जिथं मोठं दिसावं लागत नाही ते घर, एवढंच मला आता कळतं. त्या दिवशी पाचव्या कागदावर लिहिलं, "आई, मला हितं करमत न्हाई." तीन वर्षांत हे मी कुणालाच, कुठल्याच भाषेत, सांगितलं नव्हतं.