न पाहता पुकारलं

मशीनला कुठलाही हुकूम देण्याआधी विलासदादा मोठ्यांदा ओरडायचे. आधी बोट स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात टेकवायचं, तिथलं नाव वाचायचं, "चाचणी!" मग शेजारच्यानं उठून, ते नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, परत म्हणायचं, "चाचणी!" तोवर एंटर दाबायचं नाही. भिलाईच्या वैशाली नगरातल्या आमच्या सात जणांच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी मी हे ऐकलं आणि मनात म्हटलं, अगं बाई, कुठे येऊन पडले मी!

त्यांचे बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. इंजिनात सिग्नल दिसला की ड्रायव्हर त्याचा रंग पुकारतो आणि त्याचा असिस्टंट स्वतः पाहून तोच रंग परत पुकारतो. दादांनी ती रीत उचलून आमच्याकडे आणली होती. "हसून राहिली काय? हास," ते म्हणायचे. "बाबांनी जन्मात एक लाल सिग्नल ओलांडला नाही."

आमचं काम ट्रकवाल्या कंपन्यांचं. त्यांच्या गाड्यांचा हिशोब नि ठावठिकाणा सांभाळणारे प्रोग्राम आम्ही क्यूबरनेटीस नावाच्या यंत्रणेवर चालवत होतो. एकत्र जुंपलेल्या मशीनांचा जथा म्हणजे क्लस्टर. असे तीन होते: दोन ग्राहकांच्या चालू कामाचे, आणि एक चाचणीचा, वाटेल ती मोडतोड करायला. तिन्ही एकाच एडिटरमधून, म्हणजे हुकूम लिहायच्या प्रोग्राममधून, हाकायचे. दादांनी प्रत्येकाची जोडणी वेगळ्या फाइलीत ठेवली होती आणि खिडकीही वेगळी. चालूची लाल, चाचणीची हिरवी. तरी बजावायचे, "रंगावर भरोसा नको ठेवू, पोरी. रंग आपणच लावला आहे. कोपऱ्यातलं नाव वाच."

मला त्या तीन फाइलींचा कंटाळा आला. एका दुपारी कोणालाही न विचारता मी तिन्ही जोडण्या एकाच फाइलीत कोंबल्या. अतिशहाणपणा, दुसरं काय! आता एका खिडकीत क्लस्टर बदलला की दुसरीतही तो बदलणार होता, रंग मात्र जुनाच राहणार होता. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. लाल खिडकीत ग्राहकाचा क्लस्टर निवडून काहीतरी पाहिलं, हिरवीत परतले आणि जुनं सगळं पुसायला घेतलं. बोट टेकवलंच नाही. हिरवं दिसलं आणि ओरडले, "चाचणी!"

दादा पलीकडे डबा उघडत होते. जागेवरूनच म्हणाले, "चाचणी!"

ग्राहकाचं चालू काम पुसलं गेलं. ते परत उभं करायला दोन दिवस लागले, आणि तेवढा वेळ फोन खणखणत राहिले. मालकांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कोणी केलं? दादा म्हणाले, "चूक माझी. न पाहता पुकारलं मी." त्यांना त्याच दिवशी काढलं. मी गप्प बसले. घरची अडचण वगैरे काही नव्हती हो, मी भित्री होते.

जिन्यात त्यांना गाठून विचारलं, "दादा, असं कावून केलं तुम्ही?"

"खोटं काय बोललो? दुसऱ्यानं पाहाले पाहिजे, म्हणून तर दुसरा असते," म्हणाले, आणि उरलेला डबा पिशवीत घालून गेले.

उद्या मालकांना सांगू, उद्या नक्की सांगू, असं करत आठ महिने गेले. मग एका सकाळी दादा हार्टअटॅकनं गेल्याचं कळलं.

तेरवीला भिलाई-3 ला त्यांच्या घरी गेले. अंगणात दादांचे बाबा एकटेच खुर्चीवर बसले होते.

"तू विलासच्या ऑफिसातली ना?" त्यांनी विचारलं. "तो मले म्हणे, बाबा, मी न पाहता पुकारलं. मले लय राग आला. जन्मभर हेच तर शिकवलं होतं त्याले! मी बोललोच नाही मग त्याच्याशी. एका घरात राहून. शेवटपर्यंत."

मी त्यांच्यापुढे खालीच बसले आणि सगळं सांगितलं. फाइल मी बदलली, आधी न पाहता मीच पुकारलं, पुसलंही मीच.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्यानं तुझं नावच नाही घेतलं," ते हळूच म्हणाले. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "आठ महिने होते ना, पोरी. मले येऊन सांगतलं असतं, तर एकदा तरी बोललो असतो मी त्याच्याशी."