हिरड्याची रिकामी मांडणी

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भांडारात नव्या बाटल्या उतरवून घेत होते. पाठोपाठ ग्रुपवर संचालकांचा संदेश आला, ‘मॅडमचं काम थांबणार नाही. त्यांचं सगळं ज्ञान आता सिस्टीममध्ये आहे.’ महिना होत आला, माझा राग उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

सुनंदा आंबेगावच्या डोंगरातली. घरी भात, नाचणी आणि हिरडा. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट करून ती जुन्नरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत आली. कोंबाचा इवलासा तुकडा बाटलीत वाढवून केळीची, उसाची रोपं करायची, हे आमचं काम. मी तिथली खरेदी आणि भांडार सांभाळते. रोबोटचा हट्ट सुनंदाचाच. दिवसभर चिमट्याने तुकडे हलवून बायकांच्या माना धरतात, ते यंत्राने करावं, असं ती म्हणे. त्याला थंड खोली लागायची, वीज गेली की ते रुसायचं, म्हणून तिने नाव ठेवलं जावईबापू. “एसी लावला का गं? पावणं घामेजलं तर जेवायचं न्हाईत!” जिवंत कोंब कोणता, मेलेला कोणता, हे त्याच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला तिनेच फोटो दाखवून शिकवलं... पण केळीचं आणि उसाचं.

हिरडा तिने त्याच्याकडे दिला नव्हता. गावच्या एका जुन्या झाडाचे कोंब तिने फार कष्टाने बाटलीत जगवले होते. ते झाड पुढे वादळात पडलं. त्याचं जे उरलं, ते त्या बाटल्यांतच. हिरड्याचा तुकडा कापला की काळा पडतो, आणि काळा पडूनही जगतो. आजारपणामुळे पुण्याच्या इस्पितळात जाण्याआधी तिने माझ्यादेखत संचालकांना सांगितलं, “सर, हिरडा हाय तो. केळीसारखा गोरागोमटा न्हाई दिसायचा. जावईबापूंना तिकडं फिरकू देऊ नका.” ते हसून “हो, हो” म्हणाले.

मग प्रयोगशाळा बघायला बाहेरचे पाहुणे आले. माणसाविना चालणारी प्रयोगशाळा दाखवायची, म्हणून संचालकांनी सगळ्या मांडण्या यंत्राच्या ताब्यात दिल्या. कॅमेऱ्याने काळे कोंब मेलेले ठरवले. यांत्रिक हाताने एकेक बाटली अलगद उचलून टाकाऊ ट्रेमध्ये ठेवली... पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कळलं तोवर सगळं टाकाऊ माल निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हच्या वाफेत शिजून गेलं होतं.

पुण्याला इस्पितळात भेटायला गेले, तर तिने पहिलं तेच विचारलं. मी म्हटलं, मशीनने टाकल्या. ती म्हणाली, “मशीनला काय कळतं, काय न्हाई, मला ठाऊक हाय. त्याला माझ्या मांडणीवर सोडलं कोणी?” मी सांगितलं. “त्यांच्या तोंडून ऐकायचं व्हतं,” एवढंच बोलली. ते तिला ऐकायला मिळालं नाही.

शोकसभेत संचालक म्हणाले, दुर्दैवाने सिस्टीमकडून चुकीचा निर्णय झाला. मी उभी राहिले. “निर्णय सिस्टीम घेते, तर सर, खुर्चीत तुम्ही कशाला?” शेजारी बसलेल्या बाईने मला खाली ओढलं.

दाराजवळची तिची मांडणी रिकामीच आहे. रिकामी फळी मला बघवत नाही, एरवी दुसऱ्या दिवशी भरली असती. संचालकांना तिथे केळीची रोपं हवी आहेत, रोज निरोप येतो. मी बाटल्या देत नाही. ही कोणाच्या हुकमाने रिकामी झाली, ते सहीनिशी लिहून द्या, मग भरते, असं कळवलं आहे. अजून उत्तर नाही. यंत्राचा हात मात्र ठरल्या वेळी तिथवर सरकतो, दिवा लावून रिकाम्या फळ्यांचे फोटो काढतो आणि परत जातो.