बटण बंद होतं

माझ्या मावशीचे यजमान वायरमन. आम्ही त्यांना काका म्हणायचो, गल्ली त्यांना 'टेस्टर' म्हणायची, कारण खिशात पेन नसलं तरी टेस्टर असायचाच. लोकांच्या घरी काका भलतेच काटेकोर. पंखा दुरुस्त करायला बोलवावं, तर हा माणूस बाथरूमचा बोर्ड उघडून बसणार आणि वर घरच्यांनाच दम भरणार. स्वतःच्या घरचं काम मात्र कायम उद्यावर. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

त्यांचा गीझर त्यांच्या मुलीहून चार वर्षांनी मोठा. बुडाशी गंज, अर्थिंगची तार कधीच तुटलेली. काकांनी मावशीला एक नियम घालून दिला होता: पाणी तापलं की बटण बंद, मगच अंघोळ. आता मावशी म्हणजे विसरभोळेपणाचा कळस. एकदा एका पायात माझी चप्पल घालून ती सगळा बाजार फिरून आली होती.

त्या हिवाळ्यात, करंट गळला की आपोआप पडणारा ब्रेकर रोज सकाळी पडायला लागला.

"अहो, आठवडा झाला, गार पाण्यानं अंघोळ करतेय मी. बदला तरी तो गीझर, नाहीतर भंगारात द्या."

काकांना एका नव्या इमारतीचं काम उरकायचं होतं. निघता निघता त्यांनी तो ब्रेकर काढला आणि तारा थेट जोडून टाकल्या. "दोन दिवस चालव. रविवारी नवीन बसवतो."

शुक्रवारी मावशी अंघोळीला गेली ती गेलीच. दार काकांनीच तोडलं.

"बटण बंद करायला विसरली असणार, बिचारी," जो तो म्हणाला. काकांनीही होकारार्थी मान हलवली.

वर्षभरानं त्यांची मुलगी सासरहून आली होती. मीही होते. जेवता जेवता तिचा बांध फुटला. "एक बटण, बाबा! तेवढं एक बटण आईच्या लक्षात राहिलं नाही. आपल्याला एक मुलगी आहे हे तरी आठवायचं!"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "ती विसरली नव्हती. मी आत गेलो तेव्हा बटण बंद होतं."

"मग?"

"घाईत माझ्याकडून तारा उलट्या लागल्या. बटण बंद केलं तरी गीझरमध्ये करंट येतच होता. तिनं सांगितलं तसंच केलं होतं गं."

"वर्षभर मी तिला बोल लावत होते. आणि तुम्ही ऐकून घेत होतात?"

अर्ध्या ताटावरून उठून ती गेली. त्यानंतर तिनं त्यांना फोनही केलेला नाही.

काका अजून कामाला जातात. पण हल्ली कुणाच्याही दारात उभे राहून आधी सांगतात, "माझी बायको माझ्याच हातच्या वायरिंगनं गेली. तरी चालेल का?" बहुतेकांना चालत नाही. परवा माझ्यासमोरच एका बाईंनी दार लावून घेतलं, तेव्हा मला राहवलं नाही.

"काका, कशाला सांगत फिरता? काम कोण देईल तुम्हाला?"

"न देऊ दे," ते म्हणाले. "अजून अर्ध्या गल्लीला वाटतंय, ती विसरली म्हणून."

आणि त्यांनी शेजारची बेल दाबली.