एक ग्रॅम सोनं आणि माझा काटा

मोजमापाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती. सिंगापूरला आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी टेस्ट इंजिनिअर होतो. यंत्र खरं सांगतंय की थापा मारतंय, हे शोधून काढायचा मला पगार मिळायचा. म्हणूनच मोबाइलएवढ्या एका वजनकाट्याने मला घरी जे नाचवलं, ते ऑफिसात मी बरेच दिवस लपवून ठेवलं होतं.

चाळिशी जवळ आली तसं मला ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरीच धुण्याचं वेड लागलं. सगळ्या जगाने फिल्म टाकून दिल्यावर मला ती सुचावी, हे माझ्या एकूण स्वभावाला धरूनच होतं. फिल्म धुण्याचं रसायन दुकानात बाटलीत आयतं मिळायचं. पण आयतं घेईल तो पुणेकर कसला? मी सुट्या पावडरी मागवल्या. त्यातली एक पावडर एका वेळी पाव ग्रॅमहूनही कमी लागायची, म्हणून ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घेतला. त्याच्यासोबत तपासणीचं वजन घेतलं तर थोडे पैसे जास्त पडत होते. मी अर्थातच वजनाशिवायचा घेतला.

पहिला रोल तव्याच्या बुडासारखा काळा निघाला. दुसऱ्यावर काहीच उमटलं नाही. काट्यावर काही न ठेवता नुसतं बघत बसलो, तर आकडे आपले आपणच वर-खाली चालले होते.

मग मी तपास हाती घेतला. आधी पंखा बंद केला. मग एसी. बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये दोन्ही बंद म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. घाम काट्यावर पडेल म्हणून मी डोक्याला पंचा गुंडाळून बसायचो. तरी आकडे हलायचेच, तेव्हा मी समोरून जाणाऱ्या एमआरटीला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, दोषी ठरवलं आणि गाड्यांच्या वेळा लिहून काढल्या. बायको म्हणाली, "अरे, गाडी येऊन गेली, आता पटकन तोल." ती चेष्टा करतेय हे मला तिसऱ्या गाडीला कळलं. शेवटी काटा ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवला, बॅटरी बदलली, मोबाइल दूर नेला, वर पोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा उपडा घातला. आकडा एका जागी थांबला. मला इतका आनंद झाला, की मी बायकोला ओट्यापाशी बोलावून तो थांबलेला शून्य दाखवला.

आता काटा जुळवून घ्यायचा राहिला होता. त्यासाठी पन्नास ग्रॅमचं वजन हवं. सिंगापूरच्या एक डॉलरच्या नाण्याचं वजन इंटरनेटवर सापडलं. आठ नाणी म्हणजे पन्नास ग्रॅम आणि वर किंचित. बायकोच्या पर्समधून आणि माझ्या खिशातून मिळून आठ डॉलर जमवले, काट्यावर रचले, बटण दाबलं. काटा 'पास' म्हणाला. आपलं काम तपासायला कुणीतरी तिसरा साक्षीदार हवा, हा आमच्या धंद्यातला नियम. एक ग्रॅमचं खात्रीचं वजन घरात कुठे असेल? कपाटात होतं. वेढणं.

माझ्या सासूबाई गुरुपुष्याला प्रत्येक मुलीसाठी शुद्ध सोन्याचं एक ग्रॅमचं वेढणं घेतात. तारेचं छोटंसं वेटोळं, एवढंच. तीस वर्षं पुण्यातल्या एकाच सराफाकडून. बायकोने त्यातली पाच सिंगापूरला आणली होती.

पहिलं वेढणं ठेवलं. शून्य पूर्णांक नव्वद. दुसरं, नव्वद. पाचही नव्वद.

इथे माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, हे मला अजून कळलेलं नाही. बिघडलेला काटा पाचही वेळा सारखाच कसा चुकेल, असा युक्तिवाद मी केला. ऑफिसात एखाद्या नवख्याने हाच युक्तिवाद माझ्यासमोर केला असता, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. सारखं चुकणं हीच तर जुळवणी फसल्याची खूण. पण मला काट्याचा अभिमान वाटू लागला होता, आणि सराफ माझा कोणी लागत नव्हता. मी बायकोला सांगितलं, "तुमचा सराफ ग्रॅममागे दहा टक्के मारतो."

ती हसली नाही. म्हणाली, "आईला तिथे खुर्ची देतात बसायला. बाबा गेले तेव्हा ते सराफकाका पहिले घरी आले होते. नीट बघून बोल."

"पाच वेळा बघितलं," मी म्हणालो. आवाज माझा ऑफिसातला होता.

तिने रविवारी आईला फोन केला. मी शेजारीच होतो आणि थांब म्हणालो नाही. तिने वजनाचं सगळं सांगितलं. मग सासूबाई म्हणाल्या, "असं म्हणतायत का ते? बघते."

सोमवारी मी एक वेढणं खिशात घालून ऑफिसात नेलं. कशाला, तर सराफाविरुद्ध लेखी पुरावा हवा म्हणून. आमच्या प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं सांभाळणाऱ्या एक चिनी बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी काचेच्या पेटीतल्या काट्यावर वेढणं ठेवलं. एक ग्रॅम. पुढे शून्यंच शून्यं.

"यू कॅलिब्रेट विथ व्हॉट?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"आय्या! ओल्ड कॉइन ऑर न्यू कॉइन? न्यू वन हेव्हिअर, लाह. यू मिक्स, इज इट?"

त्या वर्षी नवी नाणी आली होती. दोन रंगांची, जुन्यापेक्षा अगदी वेगळी दिसणारी. माझ्या आठांत चार जुनी होती आणि चार नवी. मी ती स्वतःच्या हाताने एकावर एक रचली होती, रंग बघितले होते, आणि डॉलर तो डॉलर म्हणून सोडून दिलं होतं. म्हणजे पंचावन्न ग्रॅमहून जास्त वजनाला मी काट्याकडून पन्नास म्हणवून घेतलं होतं, आणि तेव्हापासून तो सगळंच दहा टक्के कमी दाखवत होता. मी तिथूनच बायकोला फोन लावला. आईला आत्ताच्या आत्ता सांग, म्हटलं, कुठे जाऊ नका.

"ती सकाळीच जाऊन आली," बायको म्हणाली.

संध्याकाळी मी स्वतः फोन केला. सासूबाईंनी स्वतःकडची चार वेढणी रुमालात बांधून नेली होती. सराफांनी ती गिऱ्हाइकांसमोर तोलली. सगळी पुरी भरली. "मग काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, म्हातारपण, मनात उगीच शंका येते. हसले ते. चहा मागवत होते, मी नाही थांबले."

"माझं नाव का नाही सांगितलंत, आई?"

"जावयाचं नाव असं चारचौघांत कुणी घेतं का?"

मी माफी मागितली. पण आमच्यात सासूबाईंना सॉरी म्हणायची रीत नाही. पाया पडायची आहे, आणि ती फोनवरून होत नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या रात्री मी जेवलो नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला गेलो. पिशव्या उतरवल्या आणि सासूबाईंना न सांगता त्या दुकानात गेलो. सराफकाका सत्तरीचे असतील. मी ओळख सांगितली, आणि चार गिऱ्हाइकं ऐकत असताना म्हटलं, "वजनाचा संशय माझा होता. त्यांचा नव्हता."

"ठाऊक आहे, जावईबापू," ते म्हणाले. "तीस वर्षांत वहिनींनी कधी माझ्या काट्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी मी एकेक वेढणं ठेवून आकडा त्यांच्याकडे फिरवत होतो, तेव्हाही नाही बघितलं. मान खाली घालून उभ्या होत्या. खुर्ची दिली, तर बसल्यासुद्धा नाहीत."